गोड्या पाण्याच्या काठी घडलेले खलाशी

शिकागो हे नाव कामगाराच्या घरात नवे नाही. १८८६ साली आठ तासांच्या कामासाठी तिथल्या मजुरांनी जो लढा दिला, त्याचीच आठवण म्हणून जगभर १ मे पाळला जातो. त्याच शिकागोहून उत्तरेला, लोकल गाडीने तासाभराच्या वाटेवर आणखी एक ठिकाण आहे. दरवर्षी देशाच्या कानाकोपऱ्यातून हजारो मुले-मुली तिथे येतात आणि खलाशी होऊन बाहेर पडतात. ग्रेट लेक्स असे त्या ठिकाणाचे नाव. अमेरिकेच्या नौदलाची ही नवशिक्यांची शाळा. लोक तिला ‘बूट कॅम्प’ म्हणतात.

वाचकहो, नौदल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. मुंबईच्या माणसाला तर भाऊचा धक्का आणि गोदी आठवते. पण ग्रेट लेक्सपासून खारा समुद्र हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथे आहे ते मिशिगन सरोवर. पाणी गोडे, पण पसारा एवढा की आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यात मावेल. पलीकडचा काठ दिसत नाही. वारा सुटला की लाटा उसळतात. हिवाळ्यात काठाशी बर्फ साचतो. नव्या माणसाला हे तळे आहे असे सांगितले तर पटत नाही.

शिकागोहून निघालेली गाडी एव्हन्स्टन, हायलँड पार्क, लेक फॉरेस्ट अशी सुखवस्तू लोकांची गावे मागे टाकत जाते. स्टेशनाचे नावच ग्रेट लेक्स. मूळच्या इमारती तांबड्या विटांच्या, मधोमध घड्याळाचा उंच मनोरा. १९०४ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात ही जागा ठरली. शिकागोच्या व्यापाऱ्यांनी पैसे घालून जमीन घेतली आणि सरकारला दिली. १९११ साली केंद्र सुरू झाले. मध्य अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या पोरांना दूरच्या किनाऱ्यावर नेण्यापेक्षा त्यांच्या दारात शाळा काढावी, असा त्यामागचा विचार होता. दुसऱ्या महायुद्धात सुमारे दहा लाख खलाशी एकट्या या ठिकाणी तयार झाले. पुढे सॅन डिएगो आणि ओरलँडो इथली केंद्रे १९९० च्या दशकात बंद झाली. तेव्हापासून अमेरिकेच्या नौदलातला प्रत्येक साधा नौसैनिक इथूनच जातो.

म्हाताऱ्या खलाशाला नोकरीच्या आठवणी विचारल्या तर लढाईच्या गोष्टी मागाहून येतात. आधी येतो तो केस कापल्याचा दिवस. रांगेत उभे करायचे आणि मिनिटाभरात डोके सफाचट. शेजारी बसून आलेला मित्र नंतर ओळखू येत नाही. मग दोन्ही दंडांवर टोचण्या. मग कपडे. अंगावरचे घरचे कपडे काढून एका खोक्यात भरायचे आणि घरच्या पत्त्यावर पाठवून द्यायचे. पोरगा गेल्यावर काही दिवसांनी ते खोके आईच्या हाती पडायचे. आत नेहमीचा सदरा, विजार, बूट. पोरगा नाही. कितीएक आयांनी ते खोके उघडून डोळे पुसले असतील.

सरकारी कपडे मिळाले की प्रत्येकावर आपले नाव छापायचे. घडी कशी घालायची, गुंडाळी कशी करायची, पिशवीत कोणती वस्तू कुठे ठेवायची, सगळे ठरलेले. धुणे स्वतःच्या हाताने, ब्रशने घासून. वाळत घालताना चिमटे नाहीत, छोट्या दोरीच्या गाठीने बांधायचे. आणि रात्री त्या धुण्याच्या दोरीवर पहारा! थंडीत कुडकुडत, खांद्यावर बंदूक टाकून, ओल्या चड्ड्या-बनियनांची राखण करायची. म्हातारपणी ही गोष्ट सांगताना सगळे हसतात. त्या वेळी मात्र रडू यायचे. कपडे कोण चोरणार होते? शिकवायचे होते ते एवढेच की, झोप आली तरी दिलेली जागा सोडायची नाही. पुढे जहाजावर मध्यरात्री पहाऱ्याला उभे राहिल्यावर त्या दोरीचा अर्थ कळायचा.

जमिनीवर राहूनही इथली भाषा जहाजाची. खोलीची फरशी म्हणजे डेक, भिंत म्हणजे बल्कहेड, जिना म्हणजे लॅडर, संडास-न्हाणीघर म्हणजे हेड. आता तर राहण्याच्या इमारतींनाही जहाज म्हणतात. ज्याने जन्मात बोट पाहिली नाही असा पोरगा आठ-पंधरा दिवसांत त्या भाषेत बोलू लागतो. कवायत, गाठी मारणे, वल्ही मारणे, झेंड्यांच्या खुणा वाचणे, पोहणे. पोहता न येणारे कितीतरी असत. त्यांना आधी पाण्याची भीती घालवावी लागे.

डोके सफाचट केले, कपडे एकसारखे दिले, की गरीब-श्रीमंत हा भेद पहिल्याच दिवशी पुसला जातो असे म्हणतात. बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पण याच ग्रेट लेक्सवर एक भेद असा होता की तो केसांबरोबर कापला जात नव्हता आणि कपड्याखाली झाकला जात नव्हता. तो कातडीच्या रंगाचा होता.

अमेरिकेच्या नौदलात कृष्णवर्णीय माणूस जुन्या काळापासून होता. पण पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ पासून, त्याची नवी भरती बंद करण्यात आली. १९३० च्या दशकात दार पुन्हा किलकिले झाले ते स्वयंपाकघराच्या बाजूने. अधिकाऱ्यांचे जेवण रांधायचे, वाढायचे, ताटे उचलायची, बिछाने घालायचे, बुटांना पॉलिश करायचे. तोफेला, यंत्राला, सुकाणूला हात लावायचा नाही. अंगावर गणवेश नौदलाचा, काम घरगड्याचे.

आपल्या वाचकांना इथे आपल्याच घरातली गोष्ट आठवेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच जुन्या पलटणींतले. पहिल्या महायुद्धात भरती थोडे दिवस उघडली आणि गरज सरताच पुन्हा मिटली. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे ते दार नीट उघडले. ग्रेट लेक्सचे दार त्यानंतर वर्षभरातच उघडले. दोन देश वेगळे, पण युद्ध आले की दार उघडायचे आणि युद्ध सरले की लावायचे, ही सरकारी रीत दोन्हीकडे सारखीच.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्या सकाळी ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या जहाजावर डोरी मिलर नावाचा कृष्णवर्णीय वाढपी होता. त्याने जखमी लोकांना उचलून हलवले आणि कधी शिकवली नव्हती ती मशीनगन हाती घेऊन विमानांवर चालवली. ‘पिट्सबर्ग कुरियर’सारख्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांनी त्याचे नाव लावून धरले. मे १९४२ मध्ये त्याला नेव्ही क्रॉस हे मोठे शौर्यपदक मिळाले. संघटनांचा आणि वृत्तपत्रांचा रेटा वाढतच होता. एप्रिल १९४२ मध्ये नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांना जाहीर करावे लागले की, १ जूनपासून कृष्णवर्णीयांना स्वयंपाकघराबाहेरच्या कामांसाठीही घेतले जाईल.

पण एक अट होती. शिक्षण वेगळे, राहणे वेगळे. त्यासाठी ग्रेट लेक्सच्या आवारातच वेगळी छावणी राखून ठेवली. तिचे नाव कॅम्प रॉबर्ट स्मॉल्स.

नाव मात्र मोठ्या माणसाचे दिले होते. रॉबर्ट स्मॉल्स हा १८३९ साली गुलाम म्हणून जन्मला. चार्ल्सटन बंदरात ‘प्लँटर’ या आगबोटीवर तो सुकाणू धरायचा. यादवी युद्धात ती बोट गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याकडे होती. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेले असताना त्याने बोट सुरू केली. बायको, मुले आणि इतर गुलाम मिळून सोळा जण. डोक्यावर कप्तानाची गवती टोपी घालून, किल्ल्यांसमोरून जाताना शिट्टीचे बरोबर इशारे देत तो तोफांच्या माऱ्यातून सुटला आणि बोट उत्तरेच्या नौदलाच्या स्वाधीन केली. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. आपल्या राज्यात सर्व मुलांना फुकट शाळा मिळावी म्हणून झगडला. ज्या घरात तो गुलाम म्हणून वाढला, तेच घर त्याने विकत घेतले. अशा माणसाचे नाव वेगळे पाडलेल्या छावणीला द्यावे, यात केवढी विसंगती होती!

त्या छावणीत जून १९४२ पासून पोरे येऊ लागली. कुणी दक्षिणेतल्या कापसाच्या शेतातून, कुणी उत्तरेच्या कारखान्यातून. केस तसेच कापले, टोचण्या तशाच, धुण्याच्या गाठी तशाच. पण कवायतीचे मैदान वेगळे आणि जेवणाची रांग वेगळी. लॅरी डोबी हा बेसबॉलपटू न्यू जर्सीतल्या मिश्र वस्तीच्या गावात गोऱ्या मुलांबरोबर खेळत वाढला होता. त्याला इथे येताच गोऱ्यांपासून वेगळे काढून या छावणीत पाठवले. तो घाव त्याच्या मनातून कधी गेला नाही. १९४७ साली तोच डोबी अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. क्लार्क टेरी हा नामांकित ट्रम्पेटवादक याच ठिकाणी नौदलाच्या बँडमध्ये होता.

१९४४ उजाडले तेव्हा नौदलात जवळजवळ एक लाख कृष्णवर्णीय नौसैनिक होते. अधिकारी मात्र एकही नव्हता. शेवटी जानेवारीत देशभरच्या ठाण्यांवरून सोळा जणांना गुपचूप बोलावून घेतले आणि याच छावणीत एका बराकीत ठेवले. कशासाठी, हे कित्येकांना इथे आल्यावर कळले. सुमारे दोन महिन्यांत अधिकाऱ्याचा अभ्यासक्रम पुरा करायचा होता. नौकानयन, तोफांची माहिती, यंत्रे, नौदलाचे कायदे आणि नियम, सगळे एकदम.

या सोळांपैकी हयात असलेल्यांच्या आठवणी पुढे पॉल स्टिलवेल या इतिहासकाराने ध्वनिफितीवर उतरवून घेतल्या. १९९३ साली त्यांचे पुस्तक निघाले. म्हातारपणी या माणसांनी सांगितलेली सगळ्यात मोलाची आठवण अशी आहे. पहिल्याच दिवसांत त्यांनी आपसात ठरवले की, आपण एकमेकांशी स्पर्धा करायची नाही. पुढे एकट्याने जायचे नाही. पास व्हायचे ते सगळ्यांनी.

रात्री ठरल्या वेळी दिवे मालवले जात. मग हे लोक न्हाणीघरात जमत. खिडक्यांना ब्लँकेटे लावत, म्हणजे उजेड बाहेर फुटणार नाही. बॅटरीच्या प्रकाशात एकमेकांचे धडे घेत. विल्यम सिल्व्हेस्टर व्हाइट हे शिकागोचे वकील, त्यांना कायदा ठाऊक. डाल्टन बॉ यांचा हात यंत्रावर बसलेला. कुणी शिक्षक, कुणी विजेच्या कामातला. ज्याला जे येते ते त्याने बाकीच्यांना शिकवायचे. आज वर्गात जे समजले नाही ते आज रात्रीच समजून घ्यायचे, उद्यावर टाकायचे नाही.

परीक्षा झाली. सोळाच्या सोळा पास! गुण इतके चांगले की वरच्यांचा विश्वास बसेना. काही तरी गडबड असली पाहिजे म्हणून पुन्हा परीक्षा घेतली. सरासरी आली चारपैकी ३.८९. गरिबाच्या, खालच्या मानलेल्या घरातल्या मुलाने पहिला नंबर काढला की मास्तर वही उलटसुलट करून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

तरीही मार्च १९४४ मध्ये अधिकारपद तेराच जणांना दिले. बारा जण एन्साइन आणि चार्ल्स लिअर हे वॉरंट ऑफिसर. पास झालेले उरलेले तिघे होते तसेच परत गेले. का, याचे कारण कधीच सांगितले गेले नाही. त्या तेरांना पुढे ‘गोल्डन थर्टीन’, म्हणजे ‘सोनेरी तेरा’, असे नाव पडले. पण त्या तिघांनीही त्याच बॅटरीच्या उजेडात रात्री काढल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

खांद्यावर पट्टी आली म्हणून मान आला असे नाही. समोरून येणारे काही गोरे नौसैनिक यांना सलाम करावा लागू नये म्हणून रस्ता ओलांडून पलीकडे जात. अधिकाऱ्यांच्या क्लबात यांनी पाऊल टाकू नये अशी अपेक्षा होती. कामेही बाजूची दिली. कुणाला प्रशिक्षण, कुणाला मजुरांच्या तुकडीवर देखरेख, कुणाला बंदरातल्या लहान बोटी. या तेरांपैकी डेनिस नेल्सन यांनीच नौदलात पुरी नोकरी केली. बाकीचे युद्धानंतर बाहेर पडले. व्हाइट पुढे न्यायाधीश झाले, बॉ इंजिनिअर, ग्रॅहम मार्टिन शिक्षक, जेम्स हेअर समाजसेवक. सॅम्युएल बार्न्स यांनी डॉक्टरेट मिळवली.

साध्या नौसैनिकांच्या वाट्याला तर याहून वाईट आले. ग्रेट लेक्सवर जहाजाचे काम शिकलेल्या कितीतरी पोरांना कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो या धक्क्यावर दारूगोळ्याची हमाली करायला लावले. दारूगोळा सुरक्षितपणे कसा हाताळावा याचे धड शिक्षण दिले नाही. १७ जुलै १९४४ च्या रात्री तिथे प्रचंड स्फोट झाला. ३२० माणसे मेली, त्यांतली २०२ कृष्णवर्णीय. काही आठवड्यांनी पुन्हा तेच काम करायला सांगितले तेव्हा २५८ जणांनी नकार दिला. त्यांतल्या ५० जणांवर बंडाचा खटला भरून शिक्षा ठोठावल्या. १७ जुलै २०२४ रोजी, बरोबर ऐंशी वर्षांनी, नौदलाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. बहुतेकांनी तोवर डोळे मिटले होते. न्याय मिळाला, पण तो ऐकायला माणसे उरली नव्हती.

वेगळ्या छावणीची रीत मात्र फार काळ टिकली नाही. १९४५ मध्ये नौदलाने वेगवेगळे प्रशिक्षण बंद केले आणि ग्रेट लेक्सवर काळी-गोरी पोरे एकाच बराकीत झोपू लागली. फेब्रुवारी १९४६ मध्ये नेमणुकांवरची रंगाची बंधने उठवणारा आदेश निघाला. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सर्व सैन्यदलांसाठी समान वागणुकीचा हुकूम काढला. कागदावरचे माणसाच्या मनात उतरायला पुढे कितीतरी वर्षे गेली, हे वेगळे सांगायला नको.

१९७७ पासून ते तेरांतले उरलेले पुन्हा एकमेकांना भेटू लागले. केस पिकले होते, काही जण गेले होते. १९८७ साली ग्रेट लेक्सवर त्यांच्या नावाने एक इमारत अर्पण झाली. ती कोणती, हे महत्त्वाचे आहे. नवा रंगरूट जिथे पहिल्यांदा पाऊल ठेवतो, तीच ही इमारत. कोणत्याही रंगाचा, कोणत्याही गावचा पोरगा असो, त्याचे नौदलातले पहिले पाऊल त्या तेरांच्या नावाखालून पडते. फ्रँक सब्लेट हे त्यांतले शेवटचे. २००६ साली तेही गेले.

आता तिथे मुलीही शिकतात. १९९४ पासून त्यांचेही प्रशिक्षण ग्रेट लेक्सवरच होते. शेवटची परीक्षा एका मोठ्या इमारतीत उभ्या केलेल्या नकली युद्धनौकेवर रात्रभर चालते. आग लागते, पाणी शिरते, जखमी उचलावे लागतात. सकाळी ‘रिक्रूट’ लिहिलेली टोपी काढून ‘नेव्ही’ लिहिलेली टोपी डोक्यावर येते. नंतर दीक्षान्त कवायतीला लांबलांबून आईबाप येतात. ड्रायव्हर, सफाई कामगार, शेतमजूर, नर्स. एकसारख्या गणवेशाच्या रांगांत आपले लेकरू शोधताना सगळ्यांचे डोळे सारखेच भिरभिरतात.

आज आपल्या वस्त्यांतही मुले-मुली पोलीस भरतीची, रेल्वेची, लष्कराची तयारी करतात. पहाटे मैदानावर धावतात, रात्री अभ्यासिकेत बसतात. जागा थोड्या आणि उमेदवार फार. अशा वेळी शेजारचा मित्र वैरी वाटू लागतो. आपली वही त्याला दाखवावी की नाही, असा विचार मनात येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्या मुलांना मिशिगन सरोवराच्या काठची ही गोष्ट जरूर सांगावी. त्या सोळांना पाडण्यासाठी सगळी व्यवस्था टपून बसली होती. त्यांनी वह्या लपवल्या नाहीत. खिडकीला ब्लँकेट लावले, मधोमध बॅटरी ठेवली आणि ज्याला गणित येत होते त्याने ज्याला येत नव्हते त्याला जवळ बसवले.